घरचं फळ तोडायची वेळ कशी ओळखायची? नाशिकच्या अंगणातल्या झाडांसाठी

गंगापूर रोड, इंदिरानगर, म्हसरूळ, देवळाली, कुठेही जा. बंगल्याच्या आवारात किंवा रो-हाउसच्या मागच्या पट्टीत एखादं तरी फळझाड दिसतंच. रोपवाटिकेतून आणलेलं कलम तीन-चार वर्षांत फळ धरतं आणि तिथून घरात रोजची चर्चा सुरू होते: आता तोडायचं की अजून थांबायचं? थांबलो तर पोपट खातील, वटवाघळं नेतील, अवकाळी येऊन सगळं खाली पाडेल, ही भीती असते. म्हणून बहुतेक नवीन माणसं फळ आठ-पंधरा दिवस आधीच उतरवतात आणि मग कलमच वाईट निघालं, असं समजतात. कलम बहुधा चांगलंच असतं. झाडाला थोडे दिवस आणखी हवे असतात.

हे ओळखायला शेतकरी असण्याची गरज नाही. रोज झाडाजवळ पाच मिनिटं उभं राहायची तयारी हवी.

आधी आपलं फळ कोणत्या गटातलं ते पाहा

आंबा, चिकू, सीताफळ, पेरू, पपई, फणस ही फळं झाडावर पूर्ण भरली की तोडल्यानंतरही घरात पिकतात. फळात इथिलीन नावाचा वायू आपोआप तयार होतो, त्याने गर मऊ होतो, पिठूळपणाची साखर होते, वास सुटतो. पण हे सगळं फळ झाडावर पूर्ण भरलेलं असेल तरच होतं. कोवळी कैरी कितीही दिवस पेंढ्यात ठेवली तरी ती सुरकुतते, नीट पिकत नाही.

डाळिंब, लिंबू, मोसंबी, जांभूळ यांचं गणित वेगळं आहे. यांना जी गोडी, जो रस यायचा तो झाडावरच येतो. तोडल्यावर लिंबाची साल पिवळी होईल, पण आत रस वाढणार नाही. नाशिककरांना हे द्राक्षामुळे चांगलं ठाऊक आहे. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या उपकरणावर मण्यांच्या रसाची ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, बघितल्याशिवाय घडाला कात्री लावत नाही, कारण घड कापला की गोडी तिथेच थांबते. ओळखीत कोणाची द्राक्षबाग असेल तर तो रिफ्रॅक्टोमीटर एक दिवस मागून आणा. लिंबाला त्याचा उपयोग नाही, पण डाळिंब आणि मोसंबीसाठी थेंबभर रसात उत्तर मिळतं.

म्हणजे पहिल्या गटाच्या फळाला विचारायचं, तू भरलंस का? आणि दुसऱ्या गटाच्या फळाला विचारायचं, तू खायला तयार आहेस का? एवढा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सोपं जातं.

फूल आलं त्या दिवसापासून हिशेब ठेवा

कॅलेंडरवर सरळ लिहा: मोहोर कधी आला, फळ वाटाण्याएवढं कधी दिसलं. आंब्याला फळ धरल्यापासून साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. सीताफळाला जवळपास चार महिने, पेरूला चार ते पाच, लिंबाला पाच ते सहा, डाळिंबाला सहाच्या आसपास. चिकू सगळ्यांत सावकाश, आठ ते दहा महिने घेतो. म्हणून चिकूच्या झाडावर फूल, कोवळं फळ आणि भरलेलं फळ एकाच वेळी दिसतं.

शेतातल्या बागेला पाण्याचा ताण देऊन एकदम बहार धरतात, म्हणजे सगळी फुलं एकाच वेळी आणतात. अंगणातल्या झाडाला आपण रोजच पाणी घालतो, त्यामुळे डाळिंब, लिंबू, चिकू यांच्या एकाच फांदीवर वेगवेगळ्या वयाची फळं असतात. यावर एक साधा उपाय मला फार आवडतो. एका आठवड्यात धरलेल्या फळांच्या देठाजवळ एका रंगाची लोकर सैल बांधायची, पुढच्या खेपेला दुसरा रंग. कोणतं फळ किती महिन्यांचं आहे ते खालून उभं राहूनही कळतं.

दुसऱ्या गावचं वेळापत्रक आपल्या झाडाला लावू नका. कोकणातला हापूस मार्च-एप्रिलमध्ये बाजारात आला म्हणून नाशिकचा आंबा तेव्हा तयार होत नाही. आपण पठारावर राहतो, इथली थंडी लांबते, मोहोर उशिरा येतो आणि फळही उशिरा भरतं. इथल्या केसरची वेळ साधारण मे अखेरीपासून जूनपर्यंत. पेठ-सुरगाण्याकडचा आंबा शहरात कधी दिसायला लागतो तिकडे लक्ष ठेवा. तो आपल्या झाडाला जास्त जवळचा आहे.

दिवसांचा हिशेब मात्र फक्त सावध करतो. वेळ जवळ आली की फळाकडे बघायचं, आणि शेवटी एक फळ कापायचं. कितीही कमी फळं असली तरी एक फळ या कामासाठी सोडा. एक कापून पाहिलेलं फळ बाकीच्या पन्नास फळांबद्दल सांगतं.

आंबा

सगळ्यांत जास्त घाई इथेच होते, म्हणून आंब्यावर सविस्तर लिहिते.

देठाजवळचा भाग पाहा. कोवळ्या कैरीत देठाच्या दोन्ही बाजू उतरत्या असतात, निमुळत्या. फळ भरत जातं तसे हे खांदे वर येतात, देठाच्या पातळीपर्यंत आणि मग त्याच्याही वर, आणि देठ एका लहान खळग्यात बसल्यासारखा दिसतो. गाल गोल होतात. साल गर्द हिरव्यावरून फिकट हिरवी होते, तिच्यावरचे बारीक ठिपके ठळक होतात. केसर आणि हापूस दोन्हींत खांद्यांची ही खूण चांगली दिसते. रायवळमध्ये प्रत्येक झाडाचा आकार वेगळा, तिथे खांद्यांवर फार विसंबू नका.

लाल किंवा पिवळी झाक फसवते. उन्हाकडच्या गालावर रंग लवकर चढतो, आतून फळ कच्चंच असू शकतं. सावलीतल्या बाजूचा रंग बदलला तर तो खरा.

दुसरी खूण झाड स्वतः देतं. धक्का न लागता, वारा नसताना एखादं चांगलं, न किडलेलं फळ पिकून खाली पडतं. पाड लागला म्हणतात तो हाच. पाड लागला की त्या झाडावरची मोठी, भरलेली फळं उतरवायला हरकत नाही. पण पडलेलं फळ उचलून नीट तपासा. त्याला भोक असेल, देठाशी कुजलं असेल, तर तो पाड नव्हे, कीड आहे.

आता एक फळ कापा. कोय टणक आणि तंतुमय झालेली हवी, सुरी सहज आरपार जाता कामा नये. कोयीजवळचा गर पांढरा असेल तर थांबा. तिथे फिकट पिवळा रंग उतरायला लागला असेल तर फळ भरलं. आणखी खात्री हवी असेल तर दोन-तीन फळं तोडून पाण्याच्या बादलीत सोडा. भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. अर्थात ही परीक्षा तोडल्यानंतरची आहे, म्हणून दोन-तीन फळांपुरतीच करायची.

नाशिकमध्ये शेवटच्या दिवसांत आकाशाकडेही बघावं लागतं. रोहिणीच्या सरी किंवा मृगाचा पाऊस झाला की फळमाशीचा त्रास वाढतो. ती सालीखाली अंडी घालते, बाहेरून फळ ठीक दिसतं आणि कापल्यावर आत अळ्या निघतात. त्यामुळे पाड लागलेला असेल आणि पाऊस तोंडावर असेल, तर भरलेली फळं आधी उतरवून घ्या. पाड लागलेलाच नसेल तर पावसाच्या भीतीने सगळं झाड रिकामं करू नका. फळमाशीचे सापळे मिळतात, ते फळ भरायच्या आधीपासून लावा. पडलेली किडकी फळं झाडाखाली ठेवू नका, खोल पुरा.

हापूसचं झाड असेल तर साका माहीत असू द्या. बाहेरून सुंदर फळ आणि आत पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग. तो बाहेरून ओळखता येत नाही, आणि तोडण्याच्या वेळेत तुमचं काही चुकलं असा त्याचा अर्थही नसतो. तापलेल्या जमिनीची झळ हे त्याचं एक कारण मानतात. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर जमीन कमी तापते आणि उतरवलेली फळं उन्हात ठेवली नाहीत तर आणखी बरं.

सीताफळ

सीताफळाची खूण डोळ्यांत असते. कोवळ्या फळाचे डोळे एकमेकांना चिकटलेले, मधल्या रेघा हिरव्या. फळ भरलं की डोळे फुगतात, एकमेकांपासून सुटे होतात आणि त्यांच्या मधल्या रेघा पांढरट-पिवळसर दिसायला लागतात. डोळे उघडले म्हणतात ते हेच. हे दिसलं की दोन-तीन दिवसांत तोडा, कारण पुढे फळ झाडावरच फुटतं आणि मुंग्या आत शिरतात. डोळे न उघडता तोडलेलं सीताफळ घरात दगडासारखं राहतं, काळं पडतं. त्याच्यासाठी काहीच उपाय नाही, म्हणून इथे दोन दिवस जास्त थांबणं केव्हाही चांगलं.

आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला हे फळ भरात असतं. थोडा देठ ठेवून कात्रीने कापा, एका थरातच ठेवा. दोन ते चार दिवसांत मऊ होतं. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवू नका.

डाळिंब

सटाणा, देवळा, मालेगाव या भागांमुळे डाळिंब आपल्या जिल्ह्याचंच फळ झालं आहे आणि तिथल्या माणसांची नजर यात तयार असते. ते रंगाच्या आधी आकार बघतात. कोवळं डाळिंब चेंडूसारखं गोल असतं. दाणे भरले की आतून दाब येतो, बाजू थोड्या चपट्या होतात आणि फळाला कोन येतात. खालच्या मुकुटाच्या पाकळ्या, ज्या आधी उघड्या असतात, त्या आत वळायला लागतात. साल तुकतुकीत होते. बोटाने टिचकी मारली तर ठणठणीत, धातूसारखा आवाज येतो.

रंग जातीवर अवलंबून आहे. भगवा ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची जात गडद केशरी-लाल होते, दाणेही लालभडक. गणेश जातीची साल पिवळसर-लालच राहते आणि दाणे फिकट गुलाबी. गणेशचं झाड लावून भगव्याच्या रंगाची वाट पाहिली तर फळ झाडावर जून होईल. रोप घेताना जात विचारा आणि लिहून ठेवा.

शेवटच्या महिन्यात पाणी एकसारखं द्या. आठ दिवस विसरून एकदम भरपूर पाणी दिलं की फळं तडकतात. तडकलेलं फळ त्याच दिवशी काढून खाऊन टाका, ते टिकत नाही.

चिकू

चिकूचा रंग कच्चा असताना आणि पिकल्यावर जवळपास सारखाच, म्हणून नवीन माणूस इथे अडतो. तीन गोष्टी पाहा. सालीवरचा खरखरीत तपकिरी कोंडा हाताने चोळल्यावर सहज निघतो. फळाच्या टोकाला असलेला लहान वाळका काटा बोट लागताच गळतो. आणि नखाने साल हलकेच खरवडली तर खाली हिरवं दिसत नाही, पिवळसर-बदामी दिसतं. हिरवी रेघ दिसली की फळ तसंच राहू द्या. तोडताना देठातून पांढरा चीक भळाभळा आला, तरी तेच समजा. भरलेल्या फळाचा चीक कमी झालेला असतो.

हिवाळ्यात तोडलेला चिकू पिकायला आठवडाही घेतो, उन्हाळ्यात तीन-चार दिवस पुरतात. कच्चा चिकू चाखून पाहू नका, तोंड आखडतं.

बाकीची झाडं

पेरूचा गर्द हिरवा रंग फिकट होऊन पिवळसर झाक आली आणि जवळ गेल्यावर वास आला की तोडा. सरदार ऊर्फ लखनौ-49 हा पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात निवडलेला वाण आपल्याकडे घरोघरी आहे. त्याचा थंडीतला पेरू मला सगळ्यांत गोड वाटतो. पावसाळ्यातला पाणचट लागतो आणि किडतोही लवकर. पेरूला पोपटाने चोच मारली म्हणजे तो पिकला, असं समजू नका. पोपट कच्चे पेरूही टोचतात. चार-पाच फळांना कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधा आणि तीच घरच्यांसाठी ठेवा.

पपईच्या टोकाकडून पिवळा पट्टा निघाला की ती तयार, चार-पाच दिवसांत घरात पूर्ण पिकते. लिंबू गर्द हिरवं आणि खरखरीत असेपर्यंत राहू द्या. साल पातळ, गुळगुळीत, चकचकीत झाली, हलकी पिवळी झाक आली आणि हातात जड लागलं की रस भरलेला आहे. पूर्ण पिवळं व्हायची वाट पाहायला नको. दवाने ओली असताना लिंबं तोडू नका, सालीवर डाग पडतात.

जांभूळ पूर्ण काळं झाल्यावरच गोड. लालसर जांभूळ तोडून ठेवलं तर तुरटच राहतं. झाडाखाली जुनी साडी किंवा चादर पसरून फांदी हलकेच हलवा, जे तयार असेल तेच पडेल. जून महिन्यात हे रोज करावं लागतं. अंजीर मान टाकतं, म्हणजे देठाशी वाकून लोंबतं आणि बोटाला मऊ लागतं, तेव्हा काढायचं. फणसावर थाप मारून पाहा. कोवळा फणस ठस्स वाजतो, तयार झालेला पोकळ वाजतो. त्याचे काटे बोथट आणि एकमेकांपासून दूर झालेले असतात. वास सुटला असेल तर आजच उतरवा.

तोडताना

सकाळी दव वाळल्यावर ते ऊन चढेपर्यंतची वेळ चांगली. फळ ओढून काढू नका. ओढलं की देठाशी साल फाटते आणि कुजणं तिथून सुरू होतं. द्राक्षबागेत वापरतात तो सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, नाशिकमध्ये शेतीच्या कोणत्याही दुकानात मिळतो. त्याने देठासकट कापा. उंचावरच्या आंब्यांसाठी पाते आणि जाळी असलेला झेला घ्या. झेल्याचा दांडा कोरडा बांबूचाच ठेवा, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा नको. आपल्या कॉलन्यांमध्ये विजेच्या तारा झाडांमधून जातात आणि हा धोका खरा आहे. तारेजवळची फळं राहू द्या. जांभळाची फांदी ठिसूळ असते, तिच्यावर चढू नका, मुलांना चढू देऊ नका.

आंबा बोटभर देठ ठेवून उतरवा. मग देठ छोटा करून फळ उलटं ठेवा, म्हणजे चीक सालीवर न ओघळता खाली गळेल. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा जसा उततो, तसा आंब्याचा चीकही काहींच्या कातडीवर उततो. ओठाशी लागलेला तर विशेष त्रास देतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि हात साबणाने धुवा.

सगळं झाड एका दिवशी उतरवायचा मोह टाळा. वरच्या, उन्हातल्या फांद्यांवरची फळं आधी तयार होतात, आतली नंतर. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीन खेपा केल्या तर प्रत्येक फळाला त्याचा वेळ मिळतो आणि घरात एकदम टोपलीभर पिकून वाया जात नाही.

घरात पिकवताना

आंब्याची अढी लावायची तर भाताचा पेंढा किंवा वर्तमानपत्राचा कागद खाली घालून एक थर आंबे, वर पुन्हा पेंढा. दोन थरांपेक्षा जास्त नको, खालचे दबतात. जागा हवेशीर आणि सावलीची. दोन दिवसांनी अढी उघडून पिकलेले वेगळे काढा, सडलेलं एकही राहू देऊ नका. चार-पाच फळंच असतील तर कागदाच्या पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा. केळ्यातून निघणारं इथिलीन बाकीच्यांना पिकवतं. चिकू, सीताफळालाही ही पिशवी चालते.

कॅल्शियम कार्बाइडची पुडी कोणी देऊ केली तरी घेऊ नका. फळं पिकवायला तिच्यावर देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. तिने सालीला रंग येतो, गर मात्र फिकाच राहतो. घरच्या झाडाचं फळ पोरांना देताना हे का करायचं?

आंबा पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका. फार थंडीत पिकणं थांबतं, सालीवर काळे डाग पडतात आणि बाहेर काढल्यावरही चव येत नाही.

आधी तोडलं गेलंच, तर

वाऱ्याने पाडलेल्या कैऱ्या वाया जात नाहीत. कोय न धरलेल्यांचं पन्हं, तक्कू, आणि टणक कोय धरलेल्यांचं लोणचं. कच्च्या पपईची भाजी किंवा कोशिंबीर होते. कोवळ्या फणसाची भाजी तर मुद्दाम करतात. पेरू अर्धवट असेल तर बिया काढून त्याची गूळ-मिरचीची भाजी चांगली लागते. आंबट डाळिंबाचे दाणे उन्हात वाळवून अनारदाणा करता येतो, नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात तो लवकर वाळतो. कच्च्या सीताफळ-चिकूचं मात्र काही होत नाही. त्यांच्याबाबत कापून पाहायचं फळ एकच ठेवा आणि बाकीची डोळे उघडेपर्यंत, कोंडा सुटेपर्यंत झाडावरच राहू द्या.